डाय नेमकी कशानं झिजते आणि तेल तिथं काय करतं

स्टेनलेसचा डबा बफिंगला, म्हणजे चकाकी आणायला, जायच्या आधी हातात घेऊन बघावा. प्रेसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या डब्याच्या भिंतीवर तळाकडून काठाकडे जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा कधी असतात, कधी नसतात. रेघा असतील तर बफिंगवाल्याला जास्त वेळ लागतो. फार खोल असतील तर तो डबा परत पाठवतो आणि मग टूलरूममध्ये फोन जातो. टूलरूमचा माणूस डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा कडक साचा, उतरवून घेतो, स्टोन मारतो, एमरी मारतो, म्हणजे घासून गुळगुळीत करतो, डाय पुन्हा चढते. तोवर प्रेस उभा आणि माणसं हातावर हात धरून.

या रेघांचं कारण विचारलं की शॉपमध्ये दोन उत्तरं मिळतात. ‘डाय झिजली’ हे एक आणि ‘तेल कमी पडलं’ हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत. डाय कुठं झिजते, तिच्या अंगाला काय होतं आणि तेल त्या जागी पोचतं तरी का, हे नीट पाहिलं तर पहिल्या रेघा येतात तेव्हा डाय बहुधा झिजलेली नसतेच. उलट तिच्या अंगावर जादा धातू चढलेला असतो.

उदाहरणासाठी ३०४ ग्रेडचं स्टेनलेसच घेऊ. भाईंदरच्या भांडी बनवणाऱ्या युनिटांपासून सिंक बनवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना छळणारा हा पत्रा आहे. चाकण-भोसरीत मोटारीच्या पार्टसाठी जो मऊ स्टीलचा पत्रा ओढतात, तो त्या मानानं गरीब स्वभावाचा.

पाच किलोमीटरची घसरण

समजा १ मि.मी. जाडीचा, ३०० मि.मी. व्यासाचा गोल ब्लँक, म्हणजे कापलेली चकती, आहे आणि त्यातून १६० मि.मी. व्यासाचा डबा ओढायचा आहे. पत्रा डायवर ठेवतात, वरून ब्लँकहोल्डर दाबून धरतो आणि मधून पंच, म्हणजे दाबणारा ठोकळा, खाली उतरतो. ब्लँकहोल्डरखालचा पत्रा आत सरकत येतो, डायच्या गोलसर कडेवरून वळतो आणि डब्याची भिंत बनतो. जाडी साधारण तेवढीच राहते असं धरलं, तर क्षेत्रफळाच्या हिशोबानं डब्याची उंची १०० मि.मी.च्या आसपास येते. म्हणजे दर नगामागं त्या कडेच्या प्रत्येक बिंदूवरून जवळजवळ १०० मि.मी. पत्रा दाबाखाली घसरत जातो. ५०,००० नग काढले की ही घसरण पाच किलोमीटर होते.

ही गोल कड, म्हणजे डायचा रेडियस, हीच झिजेची खरी जागा. १ मि.मी. पत्र्याला तो साधारण ५ ते १० मि.मी.चा ठेवतात. ब्लँकहोल्डरच्या सपाट भागावर दाब पसरलेला असतो. रेडियसवर मात्र पत्रा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो, त्यामुळं दाब अरुंद पट्ट्यांत एकवटतो. त्यात भर म्हणजे ब्लँकची बाहेरची कड आत येताना तिचा घेर जवळपास निम्म्यावर येतो. तो जादा धातू कुठं जाणार? तो जाडीत जातो. कड जाड होते आणि ब्लँकहोल्डरचा सगळा भार त्या जाड कडेवर येऊन बसतो. भिंतीच्या वरच्या भागात, काठाजवळ रेघा जास्त ठळक का असतात, याचं एक कारण हे आहे.

मऊ पत्रा कडक डायला कसा खातो

डी-२ या टूल स्टीलची, म्हणजे हत्यारं-डाय बनवायच्या स्टीलची, हार्डन केलेली डाय ६० रॉकवेलच्या आसपास, म्हणजे साधारण ७०० विकर्स (दोन्ही कडकपणाची मापं). आणि ३०४चा मऊ केलेला पत्रा दोनशेच्याही खाली. इतक्या मऊ पत्र्यानं इतकी कडक डाय झिजावी हे पटत नाही, पण होतं खरं.

दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी मायक्रॉनच्या मापात ते उंचसखल असतात. दाबल्यावर सुरुवातीला फक्त शेंडे शेंड्यांना टेकतात आणि सगळा भार त्या थोड्याशा जागेवर येतो. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा जो पातळ थर असतो, ज्याच्यामुळं ते गंजत नाही, तो जेमतेम काही नॅनोमीटरचा. घसरताना शेंड्यांवरचा हा थर फाटला आणि मध्ये तेलही नसेल, तर उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि तिथं चक्क जोड बसतो. उष्णता न देता झालेलं हे वेल्डिंगच. पत्रा पुढं सरकतच असतो, त्यामुळं जोड तुटतो. तो तुटतो मऊ बाजूला, म्हणजे पत्र्याच्या पोटात, आणि पत्र्याचा एक कण डायवर चिकटून राहतो.

शॉपमध्ये याला पिकअप किंवा गॉलिंग म्हणतात. या कणाचं पुढचं वागणं हाच सगळ्या भानगडीचा गाभा आहे. ३०४ला ताण दिला की ते झपाट्यानं कडक होतं, कारण त्याच्या रचनेचा काही भाग मार्टेन्साइट या कडक रूपात बदलतो. चिकटलेला कण पुन्हा पुन्हा रगडला जातो आणि मूळ पत्र्यापेक्षा कितीतरी कडक होतो. पुढच्या नगाला त्यानं रेघ मारलीच म्हणून समजा. रेघ मारताना पुढच्या पत्र्यावरचा ऑक्साइड तो आणखी खरवडतो, उघडा धातू मिळतो, कणावर कण चढतो. एक-दोन नगांत न दिसणारी गोष्ट काही शे नगांत बोटाला लागू लागते.

इथवर डायचं काहीच गेलेलं नाही. पण हा ढीग मोठा होऊन कधीतरी उपटून निघतो आणि निघताना डायचा तुकडा घेऊन जातो. डी-२मध्ये क्रोमियम कार्बाइडचे मोठे, कडक दाणे असतात आणि त्यांच्या मधली जागा त्या मानानं मऊ. पत्र्याचे कण आधी मधल्या जागेत धरतात. उपटताना तिथं खड्डा पडतो, कार्बाइडचा दाणा आधाराविना राहतो आणि तोही सुटतो. सुटलेला दाणा डाय आणि पत्र्यात सापडला की दोघांनाही ओरखडतो. ही खरी झीज, आणि ती स्टोन मारून भरून येत नाही. पावडर मेटलर्जीनं, म्हणजे धातूची भुकटी दाबून आणि तापवून, बनवलेलं टूल स्टील महाग असूनही लोक घेतात ते याचसाठी. त्यातले कार्बाइड बारीक आणि सारखे पसरलेले असतात.

म्हणून पहिली रेघ दिसताच डाय थांबवून रेडियस साफ करणं आणि ‘चालू दे रे, शिफ्ट संपू दे’ म्हणणं, यांत हजारो रुपयांचा फरक पडतो. सुरुवातीला फक्त चढलेलं उतरवायचं असतं. नंतर गेलेलं भरायची वेळ येते, म्हणजे वेल्डिंग, पुन्हा मशीनिंग, पुन्हा हार्डनिंग.

आर्चर्डचं सूत्र आणि त्यात न दिसणारं तेल

झिजेचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र जॉन आर्चर्ड या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९५३ साली मांडलं. झिजून गेलेला धातू हा भार आणि घसरणीच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो आणि पृष्ठभागाच्या कडकपणाच्या प्रमाणात घटतो. शिवाय या सगळ्याला एका गुणांकानं गुणायचं. सूत्रात तेलाचं नावही नाही. भार पार्टच्या आकारानं ठरतो, अंतर नगांच्या संख्येनं, कडकपणा टूल स्टीलनं. तेल लपलेलं आहे त्या गुणांकात. आणि गंमत अशी की भार किंवा कडकपणा बदलून झीज निम्मी किंवा दुप्पट करता येते, पण हा गुणांक कोरड्या आणि चांगल्या तेलकट स्थितीत दसपट, शंभरपट, कधी हजारपटीनंही वेगळा असतो.

टूलरूममध्ये स्टील कोणतं आणि हार्डनेस किती यावर जितकी चर्चा होते, तितकी तेलावर होत नाही. तेल हा खरेदी विभागाचा विषय मानला जातो आणि तिथं तो लिटरच्या भावानं मोजला जातो. मला हे उलटं वाटतं.

तेल दोघांमध्ये उभं कसं राहतं

तेलानं गुळगुळीतपणा येतो हे खरं, पण डायच्या दृष्टीनं त्याचं मुख्य काम दोन धातूंना एकमेकांपासून लांब ठेवणं हे आहे. जर्मन इंजिनिअर रिचर्ड श्ट्रिबेक यानं १९०२ साली बेअरिंगांवर प्रयोग करून तेलाच्या घर्षणाचा जो वक्र दाखवला, तो आजही सगळे शिकतात. वेग भरपूर आणि दाब कमी असेल तर तेलाचा जाड थर तयार होतो, धातू धातूला टेकतच नाही. वेग कमी, दाब जास्त, तर थर मोडतो आणि शेंडे टेकतात. मधल्या अवस्थेत भार काही तेलावर, काही शेंड्यांवर.

मोटारीच्या क्रँकशाफ्टचं बेअरिंग पहिल्या अवस्थेत चालतं. पत्र्याच्या ड्रॉमध्ये, म्हणजे असा पत्रा ओढून आकार देण्यात, ते सुख नाही. इथं वेग बेताचा, दाब प्रचंड, आणि स्ट्रोकच्या शेवटी तर पंच थांबतच येतो. त्यामुळं इथलं तेल जवळजवळ नेहमी मधल्या किंवा शेवटच्या अवस्थेत काम करतं. शेंडे टेकणार हे गृहीत धरूनच तेल निवडावं लागतं.

मग नुसतं तेल टिकतं कशानं? काही अंशी पत्र्याच्या खडबडीतपणानं. कोकणातली भातखाचरं आठवा. बांध घातलेल्या खाचरात पाणी राहतं, उतारावर बांध फोडला की ते वाहून जातं. पत्र्याच्या पृष्ठभागावर जे खळगे चारी बाजूंनी बंद असतात, त्यांत तेल अडकतं. वरून डाय दाबते तेव्हा त्या अडकलेल्या तेलाला पळायला वाट नसते, म्हणून त्याचाही दाब वाढतो आणि ते काही भार उचलतं, काही बाजूच्या शेंड्यांवर झिरपतं. खळगे एका दिशेच्या खाचांसारखे उघडे असतील तर तेल कडेनं निघून जातं. मोटारीच्या बाहेरच्या पॅनेलचा पत्रा बनवताना रोलवर विजेच्या ठिणग्यांनी मुद्दाम असे बंद खळगे उठवतात, त्यामागं हेच गणित आहे. आरशासारखा चकचकीत पत्रा ड्रॉला सोपा जाईल असं नवख्या माणसाला वाटतं. तेल धरायला जागाच नसल्यानं तो बऱ्याचदा जास्त चिकटतो.

डायचं मात्र उलट. डाय शक्य तितकी गुळगुळीत हवी आणि पॉलिशच्या शेवटच्या रेघा पत्रा ज्या दिशेनं सरकतो त्या दिशेत हव्यात. आडव्या रेघा राहिल्या तर तिथं पत्र्याचे कण आयते अडकतात. हे कुठल्याही जुन्या फिटरला माहीत असतं. तरी घाईत गोल गोल एमरी फिरवलेल्या डाय दिसतातच.

किती तेल

पत्रा कॉइलमध्ये येतो तेव्हा गंज लागू नये म्हणून त्यावर दर चौरस मीटरला एक-दोन ग्रॅम तेल असतं. १ ग्रॅम म्हणजे थराची जाडी साधारण १.१ मायक्रॉन. आपल्या ३०० मि.मी.च्या ब्लँकला दोन्ही बाजूंनी २ ग्रॅमच्या हिशोबानं तेल लावलं, तर एका नगाला पाव ग्रॅमपेक्षा थोडं जास्त लागेल, म्हणजे जेमतेम काही थेंब. ५०,००० नगांना १४ किलो. स्टेनलेसच्या खोल ड्रॉला इतकं पातळ तेल पुरत नाही, दाट आणि जास्त तेल लागतं. पण तिथंही ब्रशनं जे तेल फासलं जातं त्यातलं बरंच डायखालच्या ट्रेमध्ये आणि जमिनीवर जातं.

‘थोडं जास्तच मारा’ हे धोरण निरुपद्रवी नाही. ब्लँकहोल्डरखाली घर्षण फार घटलं की पत्रा हवा त्यापेक्षा सहज आत येतो आणि सुरकुत्या पडतात. सुरकुती रेडियसवरून ओढली गेली की दाब एकदम वाढतो आणि ज्या झिजेला घाबरून तेल वाढवलं तीच होते. बंद कोपऱ्यात तेल साचलं तर ते दबत नाही, पत्र्यालाच खळगी पाडतं. पुढं धुण्यात तेल राहिलं तर पेंटमध्ये बारीक खड्डे येतात. भोकं पाडताना तर कापलेली चकती तेलानं पंचाच्या तोंडाला चिकटून वर येते, पुढच्या स्ट्रोकला पत्र्यावर पडते आणि डायची धारच तुटते.

आणखी एक गोष्ट शॉपमध्ये हमखास दुर्लक्षित राहते. तेल दोन्ही बाजूंना सारखं हवं असं नाही. खोल ड्रॉमध्ये पंचाच्या कडेपाशी पत्र्याला घर्षणाची मदत होते. पंच पत्र्याला धरून ठेवतो, म्हणून तळाच्या कोपऱ्यात तो फार पातळ होत नाही. पंचाकडच्या बाजूला तेल ओतलं तर नेमका तिथंच पत्रा पातळ होऊन फाटतो. डायकडची बाजू आणि ब्लँकची बाहेरची पट्टी नीट ओली हवी, मध्यभाग कोरडाच बरा. उथळ, फुगीर आकार ताणून काढायचा असेल तर हे गणित पालटतं, पण डब्याला हेच लागू.

दुपारच्या रेघा

सकाळी सातला डाय चढते, पहिले शंभर-दोनशे नग स्वच्छ येतात. अकराच्या सुमारास रेघा सुरू होतात. ऑपरेटर म्हणतो, काहीच बदललेलं नाही. पत्रा तोच, तेल तेच. बदललेलं असतं तापमान.

पत्र्याला आकार देताना खर्च होणारी ऊर्जा बहुतेक सगळी उष्णतेत जाते. मऊ स्टील ती उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतं. ३०४ची उष्णता वाहण्याची क्षमता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून उष्णता जिथं तयार झाली त्या पृष्ठभागावरच रेंगाळते. डायचा रेडियस तापत जातो. आणि खनिज तेल तापलं की पातळ होतं, तेही थोडं-थोडकं नाही. ४० अंश सेल्सियसला १०० सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असलेलं साधं तेल १०० अंशांना ११च्या आसपास उतरतं. सकाळी जो थर पुरत होता तो अकराला पुरत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हा प्रकार आणखी लवकर सुरू होणार, हे सांगायला नको.

अशा वेळी तेलाचं प्रमाण वाढवण्यानं फार फरक पडत नाही, कारण प्रश्न थर तुटण्याचा असतो. प्रेसचा वेग थोडा कमी करून उष्णताच कमी होऊ देणं, डायमध्ये पाणी फिरवून ती थंड ठेवणं किंवा मुळातच जास्त दाट तेल घेणं, यांनी पडतो.

थर तुटल्यावर

तेलाचा थर तुटल्यावर रसायनशास्त्र कामाला येतं. पहिली फळी चरबीयुक्त घटकांची. फॅटी ॲसिड, एस्टर यांच्या लांब रेणूंचं एक टोक धातूला धरतं आणि बाकीचं शरीर बाहेर राहतं. रेणूएवढ्याच जाडीचा हा थर धातूंना थेट भिडू देत नाही. पण तापमान वाढलं की हे रेणू सुटतात.

दुसरी फळी ‘ईपी’ घटकांची, म्हणजे अति दाबाखाली काम करणाऱ्या क्लोरीन, गंधक, फॉस्फरस यांच्या संयुगांची. शेंडे जिथं टेकतात तिथं क्षणभर तापमान खूप चढतं. तिथंच हे घटक धातूशी प्रतिक्रिया करतात आणि क्लोराइड, सल्फाइड किंवा फॉस्फेटचा पातळ थर तयार होतो. हा थर धातूपेक्षा सहज कातरला जातो. जोड बसण्याऐवजी हाच फाटतो आणि पुन्हा तयार होतो. एक प्रकारे डायचा अगदी थोडा धातू मुद्दाम रसायनाला देऊन जास्त धातू वाचवायचा.

इथंच स्टेनलेसची अडचण येते. ज्या ऑक्साइडमुळं ते गंजत नाही, त्याच्यामुळंच ते या घटकांनाही फारसं दाद देत नाही. गंधकाची जी तेलं साध्या स्टीलवर उत्तम चालतात, ती स्टेनलेसवर त्या मानानं कमी पडतात. क्लोरिनेटेड पॅराफिन मात्र चालतं, आणि चांगलं चालतं. दाट, चिकट, मधासारखं पिवळसर असं ते तेल अनेक वर्षं स्टेनलेस ड्रॉचं हुकमी उत्तर राहिलं आहे.

त्याची किंमत वेगळ्या खात्यात पडते. हे तेल तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतं, दमट हवेत डायवर आणि प्रेसवर गंज आणतं. पार्ट नीट न धुता ॲनिलिंगला (तापवून मऊ करायला) किंवा वेल्डिंगला गेला तर उरलेलं क्लोराइड स्टेनलेसलाही डाग आणि बारीक खड्डे पाडतं. शिवाय ही रसायनं निसर्गात लवकर मोडत नाहीत, सजीवांच्या शरीरात साठतात. म्हणून आखूड साखळीच्या क्लोरिनेटेड पॅराफिनना २०१७ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत घातलं गेलं आणि २०२५ साली मध्यम साखळीचीही त्यात गेली, काही वापरांना ठरावीक मुदतीची सवलत देऊन. निर्यात करणाऱ्या युनिटांना गिऱ्हाईकाकडून ‘क्लोरीनमुक्त तेल वापरता का’ असा प्रश्न येणार आहे, काहींना आलाही आहे.

पर्याय आहेत, पण एकासाठी दुसरं अशी सरळ अदलाबदल होत नाही. कॅल्शियम सल्फोनेटवर आधारित तेलांत कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते रासायनिक प्रतिक्रियेवर फारसं न विसंबता मध्ये थर धरतात. सिंकसारख्या खोल कामात पत्र्यावर प्लास्टिकची फिल्म लावून ड्रॉ करतात. ती फिल्म पत्र्याबरोबर ताणली जाते आणि डायला धातू दिसतच नाही. फिल्म फाटली नाही तर झीज जवळजवळ नाहीच. फाटली तर मात्र त्याच जागी बेकार पिकअप होतो. ॲल्युमिनियमच्या पॅनेलसाठी मेणासारखा कोरडा थर आधीच लावलेला पत्रा वापरतात.

तेलच डाय खातं तेव्हा

पुन्हा पुन्हा फिरवलेल्या तेलात पत्र्याची कीस, बर (कापलेल्या कडेचे टोकदार अवशेष) आणि धूळ जमते. ते न गाळता वापरणं म्हणजे रेडियसवर स्वतःच्या हातानं कण सोडणं. प्रेसचं हायड्रॉलिक तेल गळून ड्रॉ तेलात मिसळलं तर त्याचे घटक पातळ होतात, तरी डब्यातली पातळी वाढलेली दिसते म्हणून कुणाला शंका येत नाही. पाण्यात मिसळायच्या इमल्शनचं प्रमाण उन्हाळ्यात पाणी उडून वाढतं आणि भरताना नुसतं पाणी ओतलं की घटतं. हे प्रमाण मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं उपकरण अशा वेळी उपयोगी पडतं, पण बहुतेक ठिकाणी ते ड्रॉवरमध्ये सापडतं. टंगस्टन कार्बाइडच्या डाय असतील तर आणखी एक धोका असतो. काही पाण्यावर आधारित द्रवांत कार्बाइडचे दाणे बांधून ठेवणारं कोबाल्ट हळूहळू विरघळतं आणि दाणे सुटायला लागतात. कार्बाइडला तेलाचं काय होणार, असं समजून चालत नाही.

डाय उतरवली की काय बघायचं

डाय पुसायची घाई करू नये. आधी तशीच उजेडात धरून रेडियसवर भिंग लावावं. चंदेरी, पत्र्याच्याच रंगाचे उंचवटे दिसले आणि नख अडकलं तर तो पिकअप. नख खाली जात असेल तर खड्डा. दोन्ही गोष्टी हाताला जवळजवळ सारख्याच लागतात, पण उपाय उलटे आहेत. चढलेलं असेल तर स्टोननं प्रवाहाच्या दिशेत उतरवायचं आणि तेल तपासायचं. खड्डा असेल तर डायचं स्टील, हार्डनेस किंवा कोटिंग तपासायचं. ॲल्युमिनियमचा पिकअप असेल तर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो विरघळतो आणि स्टीलला काही होत नाही. हातमोजे आणि चष्मा मात्र हवेतच.

पार्टकडेही बघावं. सलग दहा नग ओळीनं मांडले आणि रेघ प्रत्येकावर त्याच जागी असेल, तर डायवर काहीतरी बसलंय. रेघ जागा बदलत असेल, तर तेलातून किंवा पत्र्यावरून कचरा येतोय, आणि त्यासाठी डाय उतरवून काही मिळणार नाही.

नवं तेल घेताना पुरवठादार बऱ्याचदा फिरत्या चकतीवर पिन घासून काढलेला घर्षणाचा आकडा दाखवतात. तो आकडा खोटा नसतो, पण त्या चाचणीत पिन त्याच त्याच वाटेवर फिरते. प्रेसमध्ये डायला दर वेळी नवा, न घासलेला पत्रा आणि नवं तेल भेटतं. त्यामुळं पत्र्याची पट्टी रेडियसवरून ओढून केलेली चाचणी किंवा सरळ आपल्याच पत्र्याचे कप ओढून केलेली चाचणी मागावी. त्यातही पहिल्या नगाचं घर्षण विचारू नये. कितव्या नगाला पिकअप सुरू झाला, ते विचारावं.

कोटिंगचा मुद्दा अखेरीस येतोच, कारण तेलानं भागत नाही तिथं सगळे तिकडंच वळतात. टायटॅनियम कार्बोनायट्राइडसारखी कोटिंगं दोन-चार मायक्रॉन जाडीची पण ३,००० विकर्सच्या आसपास कडक असतात आणि स्टेनलेस त्यांना सहजासहजी चिकटत नाही. कमी नगांच्या कामाला ॲल्युमिनियम ब्राँझच्या डाय वापरण्याची जुनी पद्धतही उत्तम आहे. ब्राँझ मऊ असलं तरी स्टेनलेसशी त्याचा जोड बसत नाही. पण कोटिंग केलं की तेलाचा विचारही पुन्हा करावा लागतो. ईपी घटक लोखंडाशी प्रतिक्रिया करून थर तयार करतात. हिऱ्यासारख्या कार्बनचं कोटिंग केलेल्या डायवर लोखंडच समोर नसतं, त्यामुळं त्या महागड्या घटकांचं डायच्या बाजूचं काम तिथं उरतच नाही. अशा डायसाठी स्वस्त, धुवायला सोपं आणि क्लोरीन नसलेलं तेल पुरेसं ठरू शकतं, आणि ते ठरतं की नाही हे आपल्याच प्रेसवर दोन-तीन हजार नग काढून बघावं लागतं.